प्राथमिक शाळेतला चित्रकलेचा तास: शिक्षक आणि पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी सातारा जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत पहिली ते चौथीच्या मुलांना शिकवते. केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत, पालकसभेत, कधी एसटीत शेजारी बसलेल्या शिक्षकांकडूनही चित्रकलेच्या तासाबद्दल तेच तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

मला स्वतःला धड चित्र काढता येत नाही. मी मुलांना काय शिकवणार?

आधी वस्तुस्थिती. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार कलेसाठी अंशकालीन निदेशकाची, म्हणजे अर्धवेळ शिक्षकाची, तरतूद आहे ती सहावी ते आठवीला, आणि तीही पट शंभराच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीला वेगळा कलाशिक्षक नाही. म्हणजे हा तास तुमच्या-माझ्यासारख्या वर्गशिक्षकांनीच घ्यायचा आहे. येत नाही म्हणून सोडून दिला, तर मुलांना तो मिळतच नाही.

आणि तुम्हाला वाटतं तितकं तुम्ही कोरे नाही. ठिपक्यांची रांगोळी घालता तेव्हा अंतराचा आणि सारखेपणाचा अंदाज हाताला असतोच. जत्रेसाठी पताका कापताना कागदाची घडी कुठे घालायची हे कळतं. साडी घेताना अंगाचा रंग आणि काठाचा रंग जुळतो की भांडतो, हे तुम्ही दुकानदाराला ठणकावून सांगता. प्राथमिकच्या वर्गाला एवढं भांडवल भरपूर आहे. तुमचा हात सफाईदार असण्याची गरज नाही. साहित्य वेळेवर हातात द्या, चांगले प्रश्न विचारा आणि मूल कामात असताना गप्प बसा. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. मला ती जमायला चार-पाच वर्षं लागली.

फळ्यावर चित्र काढून दाखवलं, मुलांनी ते उतरवलं, तर बिघडतं काय?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत जा आणि "निसर्गचित्र काढा" म्हणा. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, डोंगरातून निघून रुंद होत येणारी नदी, काठावर झोपडी, एक नारळाचं झाड, आभाळात ४ च्या आकड्यासारखे पक्षी. माझ्या शाळेच्या आजूबाजूला एकही नारळ नाही. डोंगर आहेत, पण सपाट माथ्याचे. सह्याद्रीतले पुष्कळ डोंगर असेच, लाव्हाच्या थरांनी झालेले, वरून सपाट आणि अंगावर पायऱ्या असलेले. खिडकीतून रोज दिसतात. तरी मुलांच्या वहीत टोकदार त्रिकोणच. का? कारण कुणीतरी, कधीतरी, फळ्यावर तसे काढले होते.

बिघडतं ते इथे. मूल खिडकीतून पाहायचं थांबतं आणि फळ्याकडे पाहू लागतं. चित्र म्हणजे स्वतः पाहून ठरवायची गोष्ट नव्हे, मोठ्यांनी ठरवलेली आकृती बरोबर उतरवायची गोष्ट, असं त्याच्या मनात पक्कं होतं. एकदा पक्कं झालं की सातवी-आठवीत तेच मूल म्हणतं, "मला चित्र येत नाही."

फळा वापरूच नका, असं मी म्हणत नाही. कात्री कशी धरायची, कुंचला कसा धुवायचा, घडी कशी घालायची, हे दाखवावंच लागतं. ते हाताचं तंत्र आहे. काय काढायचं आणि ते कसं दिसतं, हे मात्र मुलाकडे राहू द्या. फारच गरज वाटली तर काढून दाखवा, मुलांना नीट पाहू द्या, पुसा, आणि मग कागद वाटा.

कोणत्या वयात मुलाला काय काढता यायला हवं?

"यायला हवं" हा शब्द मी वापरणार नाही, पण एक क्रम ढोबळमानाने दिसतो. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यावर तो मांडला आणि आजही वर्गात तो बराचसा जुळतो. दोन ते चार वर्षांत गिरगोट्या. चार ते सातमध्ये गोल डोकं आणि त्यातूनच फुटलेले हातपाय. सात ते नऊच्या सुमारास मुलाचे स्वतःचे ठरलेले आकार तयार होतात, कागदाच्या तळाशी जमिनीची एक रेघ येते आणि सगळं तिच्यावर उभं राहतं. नऊच्या पुढे मुलाला आपलं चित्र "खऱ्यासारखं" हवं असतं, आणि ते तसं होत नाही म्हणून खोडायला सुरुवात होते. तिसरी-चौथीच्या शिक्षकांनी हा टप्पा फार जपावा. पुष्कळ मुलं चित्र सोडतात ती याच वयात.

सात-आठ वर्षांच्या मुलांच्या चित्रात दोन गोष्टी दिसतात, आणि मोठ्यांना त्या चुका वाटतात. एक, भिंतीतून आतलं दिसणं: घर बाहेरून काढलेलं, पण आत आजी जेवताना दिसते, ताटातली भाकरीसुद्धा. दुसरी, सगळ्या बाजू एकदम उघडणं. माझ्या वर्गातल्या दुसरीच्या एका मुलीने विहीर काढली होती. विहीर वरून, पूर्ण गोल. भोवती पाणी भरणाऱ्या चार बायका, चौघी चार दिशांना आडव्या पडलेल्या, पाय विहिरीकडे आणि डोकी बाहेर. मी विचारलं, "या झोपल्यात का गं?" ती माझ्याकडे बघतच राहिली. मग कागद हातात घेऊन तिने तो फिरवला. "ही बघा उभी. आता ही बघा उभी." कागद फिरेल तशी जी बाई समोर येईल ती उभी होती. विहिरीभोवती फेरी मारल्यासारखं तिने ते काढलं होतं. मी "चुकलं" म्हणणार होते, याची आजही मला लाज वाटते.

मग चुका दुरुस्त करायच्याच नाहीत का?

मुलाच्या चित्रावर आपली पेन्सिल टेकवायची नाही. एवढा एक नियम पाळा. काही सुचवायचं असेल तर वस्तूकडे पाठवा. बैलाचे पाय कोंबडीसारखे झाले, तर "जा, गोठ्यात बघून ये, गुडघा कुठल्या बाजूला वाकतो." मूल पळत जातं, पळत येतं आणि स्वतः बदलतं. किंवा बदलत नाही. दोन्ही चालतं.

बोलताना "छान", "सुंदर" एवढ्यावर थांबू नका. मुलांना कळतं की बाई न बघता बोलतात. जे दिसतं ते बोला: "तू आभाळाला दोन निळे वापरलेस", "हा माणूस बाकीच्यांपेक्षा मोठा का आहे?" उत्तरं ऐकण्यासारखी असतात.

एका वर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीबरोबर बीडकडून आलेला एक मुलगा हंगामापुरता आमच्या वर्गात होता. मी "माझं घर" हा विषय दिला. सगळ्यांनी घरं काढली. त्याने बैलगाडी काढली, कागदभर. गाडीत पत्र्याची पेटी, चूल, गोधड्यांचा ढीग, डालग्याखाली कोंबडी, वर बसलेली लहान बहीण. मी म्हटलं, "अरे, घर काढायचं होतं." तो म्हणाला, "बाई, घर गाडीवर हाय." फडाजवळ पाचटाची कोपी, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांची झोपडी, होती त्यांची, तीही त्याने मागे एका कोपऱ्यात काढली होती, नखाएवढी. त्याच्या लेखी ती तात्पुरती होती. गाडी कायमची. त्या दिवशी फळ्यावर मी कौलारू घर काढून दिलं असतं, तर त्यानेही निमूटपणे कौलारू घरच उतरवलं असतं.

रंगांना पैसे नाहीत. काय करू?

शाळेच्या अनुदानातून मेणखडू आणि पाठकोरे कागद एवढं निघतं. बाकी गावातच मिळतं. पण कोणता रंग टिकतो आणि कोणता उडतो, हे आधी माहीत हवं, नाहीतर मूल महिन्याने चित्र बघून हिरमुसतं.

गेरू, कोळसा, विटेची भुकटी, विरवलेला चुना, शेतातली काळी आणि तांबडी माती हे टिकाऊ. खनिज किंवा कोळशाचा रंग उन्हाने उडत नाही. चुना सोडून बाकीच्यांची वस्त्रगाळ पूड करायची आणि बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात कालवायची, म्हणजे वाळल्यावर बोटाला लागत नाही. चुना मात्र मोठ्यांनीच हाताळावा. बीट, पालक, जास्वंद यांचे रंग पहिल्या दिवशी देखणे, पण लवकर फिके पडतात किंवा तपकिरी होतात. हळद उन्हात उडते. पळसाची फुलं शिमग्याच्या आगेमागे गोळा करून उकळली की नारिंगी-पिवळा रंग मिळतो.

हे रंग बनवणं हाच एक तास होऊ शकतो. हळदीच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाका, ते लाल होतं. जास्वंदीच्या पाण्यात लिंबू पिळा, गुलाबी होतं. सोडा टाका, हिरवट होतं. वर्गात त्या क्षणी जो आवाज उठतो, तो शेजारच्या वर्गात ऐकू जातो.

कुंचल्याऐवजी शिंदीची किंवा बांबूची काडी टोकाशी चावून किंवा ठेचून घ्यायची. ठसेकामाला भेंडी, कांदा, दोडका. कागदासाठी लग्नपत्रिकांच्या मागच्या बाजू आणि जुनी कॅलेंडरं. चिकटवायला मैद्याची खळ. तिच्यात थोडं मोरचूद घालण्याची जुनी पद्धत आहे, ती मुलांच्या वर्गात अजिबात नको, ते विषारी असतं. खळ रोज ताजी करा.

मातकामात प्रत्येक वस्तूला तडे जातात. का?

माती वाळताना आकसते. बाहेरचा भाग आधी वाळतो आणि आतला ओला राहतो, म्हणून तडकते. उपाय साधे आहेत. जाडी मोठ्या माणसाच्या अंगठ्यापेक्षा जास्त नको. उन्हात न ठेवता सावलीत, वरून ओलसर फडकं टाकून, दोन दिवस वाळू द्या. पाय, शिंगं, कान जोडताना दोन्ही बाजूंना काट्याने ओरखडे काढा, पातळ चिखल लावा आणि मग दाबा. नुसतं चिकटवलेलं शिंग वाळल्यावर गळतंच.

आमच्याकडे बेंदराला घरोघरी मातीचे बैल होतात, तेव्हा वर्गापेक्षा आजोबांची मदत जास्त होते. त्यांना शाळेत बोलवा. वारुळाची माती चिकण आणि बिनखड्याची असते हे मला एका आजोबांनीच सांगितलं. रिकाम्या वारुळाची घ्यायची, हेही.

वारली चित्र सगळीकडे शिकवतात. आम्हीही शिकवावं का?

शिकवा, पण "दोन त्रिकोण जोडा, झाला माणूस" इथे थांबू नका. सध्या बहुतेक शाळांत वारली म्हणजे तपकिरी कार्डशीटवर पांढऱ्या रंगाने काढलेली किनार, एवढंच उरलं आहे. मला ते खटकतं.

वारली समाज पालघर, डहाणू, जव्हार, तलासरीच्या पट्ट्यातला. लग्नात घरातली भिंत सारवून, गेरूने रंगवून, तिच्यावर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने सुवासिनी चौक काढतात. त्यात पालघाट देवी असते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे हे सजावटीचं चित्र नाही, विधीचा भाग आहे. लग्नकार्यापलीकडे जाऊन कागदावर, रोजच्या जगण्याची चित्रं काढणारे जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे ही कला देशात आणि बाहेर पोचली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले.

मुलांना हे सांगा, गोष्टीसारखं. मग चित्र नीट पाहू द्या. तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य. तो वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांची रांग वेटोळं घेते आणि त्यांची पाठ तारप्याकडे होत नाही. झाडांच्या फांद्या किती बारकाईने काढल्या आहेत, मुंग्या कुठे आहेत, माणूस किती लहान आहे आणि झाड किती मोठं. त्यानंतर चौकाची नक्कल करायला न सांगता, "याच पद्धतीने आपल्या गावातलं काम काढा" म्हणा. माझ्या मुलांनी गुऱ्हाळ काढलं: काहील, चुलवाणात पाचट सारणारा माणूस, ढेपा. त्रिकोणातला माणूस वाकला की त्याचा वरचा त्रिकोण कसा कलतो, हे त्यांनी स्वतः शोधलं.

असंच तुमच्या भागातलं काय आहे ते आधी बघा. सिंधुदुर्गात असाल तर पिंगुळीची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) आणि सावंतवाडीची लाकडी खेळणी व गंजिफा (हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते) दारात आहेत. देशावर गोधड्या आहेत. चैत्रात अंगणात चैत्रांगण काढणाऱ्या आजी अजून आहेत. त्यांच्याकडून एकेका चिन्हाचा अर्थ मुलांनी विचारून आणला तर एक महिना पुरतो.

"डिझाइन" प्राथमिकच्या मुलांना कसं शिकवायचं? ते तर मोठ्यांचं काम.

शाळेत "संकल्पचित्र" म्हटलं की चौकटीत फुलापानांची नक्षी, असा समज आहे. नक्षी हा त्याचा एक तुकडा. वस्तू कुणासाठी, कशासाठी आणि कशी करायची हा विचार म्हणजे डिझाइन, आणि आठ वर्षांच्या मुलाला तो छान जमतो.

सुरुवात घरातल्या वस्तूंपासून करा. सूप एका बाजूने उघडं का? घागरीचा गळा अरुंद आणि काठ बाहेर वळलेला का? मुलांना ती वस्तू वापरून बघू द्या, मग बोला. घागर कमरेवर घेऊन चालली की गळ्याचं उत्तर आपोआप मिळतं: हिंदकळत नाही, आणि काठाला हात अडकतो.

मग एखादी खरी अडचण द्या. आमच्याकडे पावसाळ्यात डबे भिजायचे. तिसरी-चौथीला सांगितलं, डब्यासाठी पिशवी करा, घरात पडलेल्या वस्तूंतून. आधी डबा मोजला. मग वर्तमानपत्राचे नमुने केले. मग बहुतेकांनी तांदळाच्या गोणीचं विणलेलं प्लॅस्टिक घेतलं, कारण ते मजबूत. पिशव्या तयार झाल्यावर आत कोरडा कागद घालून शाळेच्या पागोळ्यांखाली धरल्या. सगळ्या भिजल्या. वीण असल्यामुळे पाणी पाझरत होतं आणि शिवणीतून तर सरळ आत येत होतं. कुणी रडलं नाही, उलट सगळे पिशव्या उलट्या करून भोकं शोधायला लागले. दुसऱ्या खेपेला एका मुलीने धुतलेल्या दुधाच्या पिशव्यांचं अस्तर लावलं आणि तोंडावर पाकिटासारखी झडप आणली. तिसऱ्या खेपेला तिने सुतळीचा बंद चिंधीने गुंडाळला, कारण बोटाला वळ उठत होता. तिला मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. पागोळ्यांनी सांगितलं.

मूल सगळं काळ्या रंगाने रंगवतं. काळजी करावी का?

एका चित्रावरून मुलाच्या मनाचं निदान करू नका. पुष्कळदा कारण साधं असतं: काळा खडू सगळ्यात ठळक उमटतो, किंवा पेटीत तोच शाबूत उरलेला असतो. आठवडेच्या आठवडे तेच चालू असेल आणि मूल बोलणं, खेळणंही कमी करत असेल, तर घरी जाऊन बोला. चित्रासाठी नव्हे, मुलासाठी.

पान तपकिरी आणि माती हिरवी रंगवणारा मुलगा असेल तर आणखी एक शक्यता लक्षात ठेवा. लाल-हिरव्यातला फरक नीट न दिसणं हे जन्मजात असतं, ते एक्स गुणसूत्रावरून येतं आणि म्हणून मुलींपेक्षा मुलांमध्ये बरंच जास्त आढळतं. त्याला रागावू नका, हसू तर मुळीच देऊ नका. डोळे तपासायला सांगा आणि खडूंवर रंगांची नावं चिकटवा.

खोडरबर आणि पट्टी?

पहिली-दुसरीला दोन्ही नको. पुढे पट्टी भूमितीला आणि कागदकामाला. खोडरबरासाठी भांडू नका, पण अधूनमधून थेट खडूने किंवा कोळशाने काढायला लावा, म्हणजे खोडण्याचा विचारच येत नाही.

श्रेणी कशावर द्यायची?

आपल्याकडे २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे आणि कलेचं मूल्यमापन आकारिकच, म्हणजे वर्षभराच्या कामावरून, होतं, लेखी परीक्षा नाही. ही मोठी सोय आहे. पण नोंदवहीत "चित्रकलेत रुची आहे" हे वाक्य तीसही मुलांपुढे लिहिलेलं असतं. त्याऐवजी जून आणि डिसेंबरमधली दोन चित्रं शेजारी ठेवा आणि फरक लिहा: "माणसांच्या हातांना आता बोटं आली", "रंग मिसळून तिसरा रंग करून पाहतो", "शेजाऱ्याचं बघून काढणं थांबलं". प्रत्येक चित्रामागे तारीख घाला. आणि दोन मुलांची चित्रं एकमेकांशी ताडू नका.

एलिमेंटरीची तयारी चौथीपासून करून घ्यावी का?

नाही. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा माध्यमिकच्या मुलांसाठी आहेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे विषय त्या वयात योग्यच. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून पालकांची घाई मला समजते. पण नऊ वर्षांच्या मुलाकडून घागरीच्या दोन्ही बाजू सारख्या काढून घेण्यात वर्षं घालवलीत, तर परीक्षेच्या वयात त्याला चित्राचा कंटाळा आलेला असेल.

हे सगळे शहरी किंवा परदेशी विचार आहेत, असं मुख्याध्यापक म्हणतात.

त्यांना वर्ध्याजवळच्या सेवाग्रामबद्दल, गांधीजींच्या आश्रमाबद्दल सांगा. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, हाताच्या कामातून शिक्षण. शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद १९४४ पासून जवळपास दोन दशकं सेवाग्रामला खेड्यातल्या मुलांबरोबर चित्रं आणि मातकाम करत राहिले. पालघरमध्ये कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांना बिया, पानं, शिंपले यांच्यातूनच शिकवलं, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा नेली. हे आपल्याच मातीतलं आहे.

उद्याच सुरुवात करायची आहे. पहिला तास कसा घेऊ?

मुलांना बाहेर जाऊन स्वतःची एक चप्पल आणायला सांगा. ती समोर, तळ वर करून ठेवायची. कागद आणि कोळसा किंवा पेन्सिल द्या. पाच मिनिटं फक्त बघायचं, काढायचं नाही. विचारा: कुठे झिजली आहे? टाच कुठल्या बाजूने जास्त गेली? शिवण कुणी घातली, कुठल्या रंगाच्या दोऱ्याने? मग काढू द्या. चप्पल नसलेलं मूल असेल तर त्याने स्वतःच्या तळपायाचं चित्र काढायचं, आणि तेही सगळ्यांनी करून पाहावं. सगळ्या चपला सारख्याच दुकानातून घेतलेल्या असतात, पण चित्रं भिंतीला लावली की मुलं नाव न वाचता ओळखतात, ही कुणाची. अंगठ्याखालचा खळगा प्रत्येकाचा वेगळा असतो.